सेवेला पदवी कशाला?

गेल्या महिन्यात येथील एका जुन्या व प्रतिष्ठित सेवासंस्थेचा वार्षिक समारंभ झाला. अहवालवाचन झाले, देणगीदारांचा सत्कार झाला, आणि अखेरीस अध्यक्षमहाराज बोलावयास उभे राहिले. त्यांचे वक्तृत्व प्रासादिक आहे, आणि त्यांच्या दातृत्वाविषयी शंका घेण्याचे धाडस कोणी करणार नाही. परंतु भाषणाच्या भरात ते म्हणून गेले, "अलीकडे समाजसेवेच्याही पदव्या निघाल्या आहेत! आईला मातृत्वाची पदवी लागते काय? सेवा रक्तात असावी लागते. ती विद्यापीठाच्या वर्गात मिळत नाही." सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या शेजारी एक गृहस्थ आपल्या मुलीसह बसले होते. मुलीने टाळ्या वाजविल्या नाहीत. वडिलांनी वाजविल्या, आणि वाजविता वाजविता मुलीकडे अशा काही नजरेने पाहिले की घरात चाललेल्या एखाद्या वादाचा निकाल त्यांना अनायासे हाती लागला आहे, हे न सांगता कळावे.

ह्या टाळ्यांना उत्तर द्यावयाचे म्हणून हा लेख. एका सभेतल्या एका वाक्यावर एवढी शाई खर्चावी काय, असे कोणी विचारील. पण ते वाक्य त्या सभेपुरते नाही. दर वर्षी परीक्षांचे निकाल लागले की आपल्या सुशिक्षित घरांच्या दिवाणखान्यांतून ते ऐकू येते. मुलगा किंवा मुलगी 'समाजकार्याची पदवी घेईन' म्हणते, आणि घरातील वडील मंडळी, जी एरवी गाडगेबाबांच्या तसबिरीपुढे भक्तिभावाने हात जोडतात, ती एकदम व्यवहारी होतात. 'आधी चार पैसे मिळव, मग हवी तेवढी समाजसेवा कर. ती शिकण्यात दोन वर्षे कशाला घालवावयाची?' ह्या प्रश्नामागे एक समजूत दडलेली आहे. सेवा म्हणजे देणाऱ्याच्या मनाची एक हौस, ही ती समजूत. ज्याला ती सेवा घ्यावी लागते त्याचे पुढे काय होते, हा विचार तीत कोठेच येत नाही.

अध्यक्षांचा आईचा दाखलाच प्रथम घेऊ. जुलाब लागलेल्या तान्ह्या मुलाचे पाणी तोडणाऱ्या आया आपल्या देशात पिढ्यानुपिढ्या होऊन गेल्या. त्यांच्या प्रेमात काही उणे होते असे म्हणण्याची कोणाची छाती आहे? त्या रात्र रात्र जागत, नवस बोलत, स्वतः उपाशी राहत; आणि मूल त्यांच्या मांडीवर सुकून जाई. उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ किती व साखर किती घालावयाची, एवढेच त्यांना कोणी शिकविले नव्हते. रक्तातली माया आणि डोक्यातले ज्ञान ह्यांची अशी फारकत झाली म्हणजे मरण मायेचे होत नाही, मुलाचे होते. तेव्हा मातृत्वाला पदवी लागत नसेल. शिक्षण मात्र लागते, आणि ज्या घरांतून ते मिळाले त्या घरांतली मुले जगली.

ह्यावर थोरांचे दाखले पुढे येतात. कर्व्यांनी कोठली पदवी घेतली होती? विठ्ठल रामजी शिंदे कोणत्या वर्गात बसले होते? हा प्रश्न विचारणारांनी त्या थोरांची चरित्रे जयंतीच्या भाषणापुरतीच चाळलेली असतात, असे माझे नम्र मत आहे. शिंदे १९०१ साली ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेले, दोन वर्षे त्यांनी धर्मांचा तौलनिक अभ्यास केला, परत आल्यावर देशभर हिंडून अस्पृश्यवर्गाच्या स्थितीची माहिती गोळा केली, आणि मग १९०६ साली डिप्रेस्ड क्लासेस मिशनची स्थापना केली. त्यांचा 'भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न' हा ग्रंथ १९३३ सालचा; तो वाचणारास हे काम केवळ कळवळ्यावर चाललेले नव्हते हे पहिल्या काही पृष्ठांतच कळते. जोतीराव फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' घ्या. त्यात शेतकऱ्याविषयीची कणव आहे खरी. पण सारा, कर्ज, सावकार, कुळकर्णी, कोर्टकचेरी ह्यांचा एकमेकांशी काय संबंध आहे ह्याची उकल तीहून अधिक आहे. ह्याला पाहणी म्हणतात, आणि पाहणी कशी करावी हाच समाजकार्याच्या शिक्षणातला पहिला धडा आहे.

सर्वांत मोठा दाखला तर विरोधकांच्या ध्यानातच नाही. नामदार गोखल्यांनी १२ जून १९०५ रोजी पुण्यास भारत सेवक समाज स्थापन केला. त्याच्या नियमांत त्यांनी काय घातले होते? नव्या सभासदाने पाच वर्षे उमेदवारी करावी. त्यांपैकी तीन पुण्यास राहून अध्ययनात आणि दोन देशात प्रवास करून निरीक्षणात घालवावीत. गोखल्यांना माणसे रक्त तपासून घेता आली असती. त्यांनी तसे केले नाही. त्यांनी माणसांना अंकगणित, सरकारी अहवाल आणि अर्थसंकल्प वाचावयास बसविले. ह्याच समाजाचे सभासद ना. म. जोशी ह्यांनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली आणि पुढे गिरणीकामगारांच्या प्रश्नात आयुष्य घातले. आज विद्यापीठे समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीसाठी दोन वर्षे मागतात. गोखल्यांनी पाच मागितली होती. गोखल्यांच्या नावाने ज्यांना ह्या पदवीची थट्टा करावयाची असेल त्यांनी आधी ह्या तीन वर्षांच्या फरकाचा हिशेब द्यावा.

काही विद्वान मात्र अधिक खोल आक्षेप घेतात, आणि त्याला उत्तर देणे अधिक अगत्याचे आहे. १९१५ साली बाल्टिमोर येथे भरलेल्या धर्मादाय कार्यकर्त्यांच्या राष्ट्रीय परिषदेत अब्राहम फ्लेक्सनर ह्या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने 'समाजकार्य हा व्यवसाय आहे काय?' असा प्रश्न उपस्थित करून त्याचे उत्तर नकारार्थी दिले. डॉक्टराला त्याचे शास्त्र आहे, वकिलाला त्याचे आहे. समाजकार्य करणारा मात्र रोग्याला डॉक्टराकडे, भांडणाऱ्याला वकिलाकडे आणि मुलाला मास्तराकडे पोचवून देतो. तो मध्यस्थ आहे, त्याचे स्वतःचे असे शास्त्र नाही, असा त्याचा एकंदर युक्तिवाद होता. हा फ्लेक्सनर सामान्य मनुष्य नव्हता. अमेरिकेतील वैद्यकीय विद्यालयांवर त्याने १९१० साली लिहिलेल्या अहवालानंतर तेथील कितीतरी विद्यालये बंद पडली. (तो स्वतः डॉक्टर नव्हता, शाळामास्तर होता, पण आपल्याकडील टीकाकारांप्रमाणे तो न पाहता लिहीत नसे, एकेका विद्यालयाच्या दारात जाऊन मग लिही.) त्याच्या ह्या घावाने तिकडचे कार्यकर्ते रुसून बसले नाहीत. १९१७ साली मेरी रिचमंड ह्या बाईंनी 'सोशल डायग्नोसिस' हा जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. संकटातल्या कुटुंबाची माहिती कोणाकडून घ्यावी, शेजाऱ्याच्या सांगण्यावर कितपत विसंबावे, एका पुराव्याने दुसरा कसा पडताळावा, निष्कर्ष केव्हा काढू नये, ह्याचा त्यात ऊहापोह आहे.

परंतु रिचमंडबाईंचा आधार घेण्याचीही आपल्याला आवश्यकता नाही. फ्लेक्सनरने ज्याला नुसती मध्यस्थी म्हटले ती आपल्या देशात किती दुर्मिळ व किती अवघड आहे, हे कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या ओसरीवर अर्धा दिवस बसणारास दिसेल. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवावयाच्या असतात. बीड-लातुराकडून नवऱ्याला घेऊन आलेल्या बाईला हे कोठून ठाऊक असावे? डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, उत्पन्नाचा दाखला गावाकडच्या तहसील कचेरीत, रेशनकार्ड दिराच्या ताब्यात, आणि खिडकीमागचा कारकून 'उद्या या' म्हणतो. त्याच ओसरीवर दर सणाला सेवाभावी मंडळी येऊन केळी व ब्लँकेटे वाटून जातात. केळी वाईट नाहीत. पण त्या बाईला त्या क्षणी पाहिजे असतो तो कायद्याने तिचीच असलेली खाट तिला मिळवून देणारा मनुष्य. सरकारी रुग्णालयांत त्याला 'समाजसेवा अधीक्षक' असे भारदस्त नाव आहे. १९४६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात अशी पहिली नेमणूक झाली. त्याला योजना माहीत असावी लागते, कागद माहीत असावे लागतात, आणि रडणाऱ्या माणसाकडून कागदांची माहिती त्याचा अपमान न करता काढून घेता यावी लागते. ह्यांतले शेवटचे रक्तात येते असे ज्यांना वाटते त्यांनी ते एकदा करून पाहावे.

आता हे शिकवितात कसे? मुंबईत १९३६ साली सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशाने समाजकार्याचे पहिले विद्यालय निघाले. त्याचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्शार्ट हे पूर्वीपासून नागपाड्याच्या दाट वस्तीत 'नेबरहुड हाउस' चालवीत होते. म्हणजे आपल्याकडे ह्या विद्येचा जन्मच मुळी वर्गात झालेला नाही, वस्तीत झालेला आहे. १९४४ साली त्या विद्यालयाचे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस असे नामांतर झाले आणि १९६४ साली त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. पुढे १९५५ साली मुंबईचे निर्मला निकेतन, १९६३ साली पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था अशी विद्यालये निघाली, आणि आज विदर्भ-मराठवाड्यातही ती आहेत. सर्वत्र पद्धत थोड्याफार फरकाने एकच: आठवड्यातून साधारण दोन दिवस विद्यार्थ्याने वस्तीत, रुग्णालयात, न्यायालयात, बालगृहात जाऊन काम करावयाचे, जे केले, जे ऐकले, जे आपल्याला वाटले, ते सविस्तर लिहून काढावयाचे, आणि ते लिखाण पर्यवेक्षकापुढे ठेवून त्याची उलटतपासणी सोसावयाची. विद्यार्थी ह्याला 'फिल्डवर्क' आणि 'रेकॉर्डिंग' म्हणतात. पदवीचे खरे मर्म ह्या दोन शब्दांत आहे. बाकीची पुस्तके घरी बसूनही वाचता येतील.

एक प्रसंग सांगतो. २०१३ साली मी मुंबईच्या पूर्व उपनगरातील एका वस्तीत क्षयरोग्यांच्या केंद्रावर काम करीत होतो. त्या काळी रोग्याने आठवड्यातून तीनदा केंद्रावर येऊन कोणाच्या तरी देखत गोळ्या गिळावयाच्या अशी रीत होती. (रोज घ्यावयाची औषधे २०१७ साली सर्वत्र लागू झाली.) एक मजूर दीड महिना नीट आला आणि मग येईनासा झाला. आमच्यातील एक अत्यंत सत्प्रवृत्त गृहस्थ, निवृत्त, स्वतःच्या खर्चाने येणारे, त्याच्या झोपडीत जाऊन त्याला दोनदा समजावून आले. दुसऱ्या वेळी बायकोमुलांची शपथ घालून आले. तो नुसता मान हालवी. मग एका महाविद्यालयातून आलेल्या विद्यार्थिनीकडे ते काम गेले. ती जाऊन आली व तिने नोंदीत लिहिले, 'रुग्ण आपल्या प्रकृतीविषयी बेफिकीर आहे.' केंद्राचा कार्यकर्ता म्हणून मी त्या नोंदीवर सही केली. मला ती अगदी बरोबर वाटली होती.

दुसऱ्या दिवशी महाविद्यालयाच्या पर्यवेक्षिका बाई आल्या. त्यांनी 'बेफिकीर' ह्या शब्दाखाली रेघ ओढली व मुलीला विचारले, "हा शब्द त्याचा की तुझा?" मुलगी गप्प. "त्याचा नसेल तर काढून टाक, आणि परत जा. 'का येत नाही' असे विचारू नकोस. 'सकाळी उठल्यापासून काय काय करतोस' एवढेच विचार." मुलगी परत गेली, आणि तिने त्या मनुष्याचा सबंध दिवस लिहून आणला. तो पहाटे पाच वाजता उठे. सात वाजता मजूरनाक्यावर जाऊन उभा राही. आठ वाजेपर्यंत मुकादम हवी तेवढी माणसे उचलीत. आठनंतर नाक्यावर उरलेल्या माणसाला त्या दिवशी काम नाही. आमचे केंद्र नऊ वाजता उघडे. गोळी घ्यावयाची तर आठवड्यातले तीन दिवस मजुरी बुडावयाची. जोवर अंगात ताप होता तोवर तो मजुरी बुडवून आला. ताप उतरला तसा तो कामावर गेला, आणि कोणीही शहाणा मनुष्य हेच करील. पुढे केंद्राच्या डॉक्टरांशी बोलून त्या मुलीने त्याच्या गोळ्यांचा डबा नाक्यावरच्या एका चहावाल्याकडे ठेवविला. चहावाल्याला चार गोष्टी समजावून दिल्या. आणि मजूर चहाबरोबर गोळ्या घेऊन कामावर जाऊ लागला. त्याचे औषध पुरे झाले.

आमच्या त्या निवृत्त गृहस्थांच्या रक्तात सेवा नव्हती काय? होती, माझ्यापेक्षा अधिक होती. पण त्यांना उपदेश करावयाचा होता, आणि उपदेश करणाराला ऐकू कमी येते. मुलीच्या ठिकाणीही काही दैवी गुण नव्हता; तिची पहिली नोंद त्यांच्याच समजुतीची होती. दोघांत फरक एवढाच की तिच्या शब्दाखाली रेघ ओढणारे कोणी तरी होते. पदवीच्या दोन वर्षांत असे शेकडो शब्द खोडले जातात, आणि ज्याचे शब्द कोणी कधी खोडलेच नाहीत अशा सेवकाच्या हाती दुसऱ्याचा संसार देणे मला धोक्याचे वाटते. मी स्वतः त्या नोंदीवर सही केली होती, म्हणून हे अधिकाराने सांगतो.

कोणी म्हणतील, गोळ्यांच्या डब्याची ती गोष्ट लहान आहे. तर मोठी ऐका. बिहार सरकारच्या सांगण्यावरून टाटा संस्थेच्या 'कोशिश' ह्या प्रकल्पातील कार्यकर्त्यांनी त्या प्रांतातील शंभराहून अधिक निवारागृहांची तपासणी केली आणि २०१८ साली आपला अहवाल दिला. त्यातून मुझफ्फरपूर येथील बालिकागृहात लहान मुलींवर चाललेले लैंगिक अत्याचार उघडकीस आले. खटला दिल्लीत चालला. २०२० च्या जानेवारीत १९ जण दोषी ठरले, आणि पुढील महिन्यात मुख्य आरोपीला जन्मठेप झाली. ते गृह चालविणाऱ्या संस्थेचे नाव होते 'सेवा संकल्प एवं विकास समिती'. नावात सेवा होती, संकल्पही होता. तिला सरकारी अनुदान होते, म्हणजे सरकारी कागदांवर सारे ठीकठाकच असले पाहिजे. ज्याला काय पाहावयाचे हे शिकविलेले नाही तो अशा ठिकाणी रंगविलेल्या भिंती, गाद्या आणि हजेरीपट पाहतो, आणि प्रार्थना ऐकून अभिप्रायाच्या वहीत 'कार्य स्तुत्य आहे' असे लिहून परततो. मुलीशी तिच्या रखवालदारांच्या अपरोक्ष बोलावयाचे असते. ती गप्प राहिली तर ते गप्प राहणेही टिपून ठेवावयाचे असते. आणि तिने जे सांगितले ते तिच्याच शब्दांत लिहावयाचे असते. हे समाजकार्याच्या वर्गात पहिल्या वर्षी सांगतात. आमच्या अध्यक्षमहाराजांनी अशा किती वह्यांत 'कार्य स्तुत्य आहे' असे लिहिले असेल, हे त्यांनाच ठाऊक.

पोलीस कचेरीत नवऱ्याने मारलेल्या बाईचे म्हणणे ऐकून घ्यावयास शिकलेला मनुष्य बसलेला असावा, ही कल्पनाही ह्याच संस्थेची; १९८४ साली मुंबई पोलिसांच्या सहकार्याने तिने स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष काढला, आणि पुढे तसे कक्ष राज्यभर झाले. संकटातील मुलांसाठी १०९८ ह्या क्रमांकाची दूरध्वनी सेवा १९९६ साली येथूनच सुरू झाली. विद्यापीठाच्या वर्गात सेवा मिळत नाही म्हणणाऱ्यांनी ह्या दोन गोष्टी कोणाच्या रक्तातून आल्या ते सांगावे.

आता माझ्या मते ह्या वादाचे जे खरे मूळ आहे त्याकडे वळतो. 'सेवा शिकावी लागत नाही' ह्या वाक्याचा जुळा भाऊ म्हणजे 'सेवेचे पैसे घ्यावयाचे नसतात'. दोघे नेहमी बरोबर हिंडतात. आपण डॉक्टराला त्याच्या शिक्षणाची वर्षे मोजून फी देतो. समाजकार्य करणाराला मात्र त्यागाची महती ऐकवितो आणि अकरा महिन्यांच्या कराराचा कागद पुढे करतो. एच्. आय्. व्ही. तपासणी केंद्रातला समुपदेशक, रुग्णालयातला कार्यकर्ता, बालसंरक्षण कक्षातला कर्मचारी, ह्यांतले किती तरी जण वर्षानुवर्षे कंत्राटी आहेत. त्यांच्यापाशी रोज माणसे आयुष्यातील सर्वांत वाईट बातमी ऐकावयास येतात. आणि स्वतःची नोकरी पुढल्या वर्षी राहील की नाही हे त्यांना ठाऊक नसते. त्याग ही मोठी गोष्ट आहे. पण ती करणाराने करावयाची असते. ती दुसऱ्याच्या पगारातून कापून घेण्याची युक्ती आपल्या संस्थांनी कोठून काढली कोण जाणे.

आणि त्याग कोणाला सांगता? आज समाजकार्याच्या वर्गात जाऊन पाहा. तेथे आपल्या दिवाणखान्यांतली मुले थोडी दिसतील. यवतमाळ, नांदेड, गडचिरोलीकडची, शेतमजुरांची, भटक्या-विमुक्तांची, घरात प्रथमच पदवीपर्यंत पोचलेली मुले अधिक दिसतील. ज्या टेबलापुढे ही विद्या चालते त्याच्या पलीकडच्या बाजूस ह्यांचे आईबाप उभे राहिलेले आहेत. उत्पन्नाचा दाखला मिळावयास किती हेलपाटे पडतात हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागत नाही. २०१८ साली टाटा संस्थेने शिष्यवृत्तीस पात्र असलेल्या अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना दिलेली शुल्काची सवलत काढून घेतली, तेव्हा मुंबई, तुळजापूर, हैदराबाद व गुवाहाटी ह्या चारही ठिकाणचे विद्यार्थी संपावर गेले. त्या वेळी पुष्कळ भल्या माणसांनी नाके मुरडली, 'समाजसेवा शिकावयास आलेली मुले आणि पैशासाठी संप करतात!' माझ्या मते त्या मुलांनी आपल्या विद्येचा पहिलाच पाठ तेथे बरोबर म्हणून दाखविला. शिष्यवृत्ती सरकारकडून वेळेवर येत नाही आणि शुल्क आगाऊ मागितले जाते, तेव्हा गरिबाचे मूल दारातूनच परत जाते. मग ह्या व्यवसायात उरतील ती ज्यांना पगाराची गरज नाही अशी माणसे, म्हणजे पुन्हा केळी वाटणारी मंडळीच.

विद्यालयांची बाजू मांडली म्हणून त्यांचे सारेच मला मान्य आहे असे नव्हे. त्यांच्या चुका त्यांच्या निंदकांना ठाऊक नाहीत, कारण निंदक कधी आत गेलेच नाहीत. १९४८ च्या कारखाने कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे सक्तीचे केले. विद्यालयांना तो राजमार्ग वाटला. 'कामगार कल्याण' शाखेत विद्यार्थ्यांची झुंबड उडाली, तिचे हळूहळू कर्मचारी-व्यवस्थापन झाले, आणि कामगाराचे हित पाहावयास नेमलेला मनुष्य पुष्कळदा मालकाच्या बाजूस बसून बडतर्फीची पत्रे लिहू लागला. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्चावयास लाविले, तेव्हा तीच झुंबड दुसऱ्या दारी उडाली. पैसा आला हे बरेच झाले; पण त्याबरोबर तक्ते व छायाचित्रे ह्यांची भूक आली. वस्तीत चार महिने कोणाचा विश्वास संपादन करण्यात गेले, हे तक्त्याच्या कोणत्या रकान्यात भरावयाचे?

फिल्डवर्कची तर काही ठिकाणी केवळ विटंबना चालली आहे. संस्थांनी विद्यार्थ्यांना फुकटचे कारकून समजावे, त्यांच्याकडून पाहणीचे अर्ज भरून घ्यावेत, कार्यक्रमाच्या दिवशी खुर्च्या मांडून घ्याव्यात. विद्यार्थ्यांनी गेल्या वर्षीच्या वह्या उतरवून काढाव्यात. आणि एका पर्यवेक्षकाच्या गळ्यात इतकी मुले बांधावीत की कोणाच्याच शब्दाखाली रेघ ओढण्यास त्याला सवड मिळू नये! मग पदवीच्या कागदात आणि त्या वार्षिक सभेच्या श्रीफळात फारसा फरक राहत नाही. भाषेचा प्रश्न निराळाच. विद्यार्थी मराठीत ऐकतो, बाई अहिराणीत किंवा वऱ्हाडीत बोलते, आणि नोंद इंग्रजीत होते. 'जिवाला घोर लागला' ह्याचे इंग्रजी करताना घोर कोठे जातो ते पाहण्यासारखे असते. पाठ्यपुस्तकांतही अमेरिकन शहरांतली कुटुंबे पुष्कळ वर्षे नांदली. जात हा शब्द त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. फुले, सावित्रीबाई, शिंदे, आंबेडकर ह्यांना ह्या विद्येचे पूर्वज म्हणून वर्गात आणण्यास विद्यालयांनी फार उशीर केला. अध्यक्षमहाराज थोरांची नावे घेऊन पदवीला हिणवू शकतात, ह्याचा थोडा दोष पदवीकडेही जातो. तिने ती नावे वेळेवर आपली म्हटली असती तर हा वाद इतका लांबला नसता.

परंतु ह्या दोषांवर उपाय आहेत, आणि ते सारे शिक्षण वाढविण्याचे आहेत, टाकून देण्याचे नव्हेत. पर्यवेक्षक अधिक हवेत. नोंदी मराठीत लिहिण्याची मुभा हवी. वस्तीत जाण्यायेण्याचे भाडे विद्यार्थ्याच्या पदरचे जाता कामा नये. वकिलांना व डॉक्टरांना जशी कायद्याने स्थापिलेली परिषद आहे तशी हवी. २०२१ च्या कायद्याने रुग्णालयांतील व मानसोपचारातील समाजकार्यकर्ते तेवढे एका आयोगाखाली आले, बाकीचे उघड्यावरच आहेत. आणि ज्या सेवासंस्था वर्षाकाठी सभा भरवितात त्यांनी आपल्या अंदाजपत्रकात हारतुऱ्यांच्या आधी एका शिकलेल्या माणसाचा पुरा पगार लिहावा.

अध्यक्षमहाराजांना माझे एक आमंत्रण आहे. आमच्याकडे गुरुवार व शुक्रवार हे क्षेत्रकार्याचे दिवस. त्यांनी येत्या गुरुवारी सकाळी सात वाजता त्या मजूरनाक्यावर यावे. गाडी अलीकडच्या चौकात उभी करावी, नाही तर मुकादम समजून माणसे भोवती जमतील. चहा त्याच चहावाल्याकडे घेऊ. मग विद्यार्थ्यांबरोबर दोन घरी जाऊ, आणि परत आल्यावर त्यांनी जे पाहिले ते एका पानावर लिहून पर्यवेक्षिका बाईंपुढे ठेवावे. सभेत माझ्या शेजारी बसलेल्या त्या मुलीलाही मी सांगून ठेवले आहे. ती येणार आहे; वडिलांना घेऊन येते म्हणाली.